समुद्रातल्या मासेमारीवर सरकारचा कंट्रोल म्हणजे नक्की काय? कोल्हापूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं कोल्हापुरात माशाचं दुकान आहे. माणसं काट्यासमोर उभी राहून भावापासनं सुरुवात करतात, मग बंदी, पर्ससीन, फॉर्मलिन असं करत करत थेट दिल्लीच्या मंत्रालयापर्यंत जातात आणि मागं रांग लागलेली असते, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढावं. मी मासे विकतो, वकिली करत नाही, तेव्हा कोर्टकचेरीचं काम असेल तर वकिलाकडंच जावा. जेवढं पक्कं माहिती आहे तेवढंच लिहिलंय.

कोल्हापुरात समुद्रच नाही, मग हे आपण कशाला वाचायचं?

नका वाचू, सुरमई घ्या आणि जावा की. पण मग "काल एवढ्याला होती, आज एवढी कशी" असं विचारायचं नाही. आपल्याकडचा बराचसा समुद्राचा मासा मालवण, देवगड, रत्नागिरी ह्या बाजूनं गगनबावडा, फोंडा नाहीतर आंबा घाट चढून पहाटे टेम्पोनं येतो, आणि तिकडं गस्तीवाल्यांनी बोटी धरल्या, वादळाचा बावटा लागला किंवा सीझन बंद झाला की इथला भाव लगेच हलतो. खाली समुद्रावर साहेब लोक काय ठरवतात त्याचा आपल्या ताटाशी डायरेक्ट संबंध आहे.

समुद्र नक्की कुणाच्या हातात, राज्याच्या की केंद्राच्या?

दोघांच्या, आणि खरी गोची तिथंच आहे. किनाऱ्यापासनं 12 सागरी मैल म्हणजे साधारण 22 किलोमीटर, इथनं पन्हाळ्याला जायचं एवढं अंतर, तिथपर्यंत मासेमारीचं सगळं राज्य सरकार बघतं. घटनेच्या राज्य सूचीत 21 नंबरला मासेमारी हा विषय आहे. तिथनं पुढं 200 सागरी मैलांपर्यंत, म्हणजे किनाऱ्यापासनं मोजलं तर 370 किलोमीटर, कोल्हापूर ते मुंबई धरा, तो पट्टा केंद्राचा, त्याला अनन्य आर्थिक क्षेत्र म्हणतात आणि त्याचा कायदा 1976 चा आहे.

आता बघा, बोट राज्यात नोंदलेली, मासेमारीचा परवाना राज्याचा, डिझेल राज्याच्या सवलतीतलं, ती 12 मैल ओलांडून गेली की केंद्राचा विषय, आणि मासा घेऊन परत बंदरात लागली की पुन्हा राज्याचा. माशाला ह्यातलं काहीच माहिती नसतं. आणि ज्याला नियम मोडायचाय त्याला ही रेषा बरोबर माहिती असते, अडवलं की "आम्ही 12 च्या बाहेर होतो साहेब" हे वाक्य तयारच असतं.

ह्यात खाती तरी किती आहेत?

लई आहेत. मेन म्हणजे राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग, वर आयुक्त, जिल्ह्याला सहायक आयुक्त आणि बंदरावर परवाना अधिकारी, मच्छीमाराचा रोजचा संबंध ह्या शेवटच्या माणसाशी. मग कोस्ट गार्ड, ते संरक्षण मंत्रालयाचं. सागरी पोलीस गृहखात्याचे. खाडीकाठच्या तिवराच्या झाडांचं बघणारा कांदळवन कक्ष वनविभागाचा. बंदरांचं बरंचसं काम मेरीटाईम बोर्डाकडं. मासा किती उतरला, किती उरला ह्याचा अभ्यास करणारी सीएमएफआरआय ही संस्था 1947 पासनंची, हेडऑफिस कोचीला. मासा कुठल्या भागात सापडायची शक्यता आहे ते उपग्रहाच्या माहितीवरनं हैदराबादची इन्कॉइस सांगते. निर्यातीचं एमपीईडीए बघतं, ते पण कोचीलाच. आणि आपल्या दुकानात मासा आला की अन्न व औषध प्रशासन, म्हणजे एफडीए.

दिल्लीत मासेमारीला स्वतंत्र खातं कधी मिळालं माहिती आहे? 2019 साली! तोपर्यंत पशुसंवर्धन आणि दुग्धव्यवसायाच्या खात्यातच एका बाजूला बसवलेलं होतं.

मेन कायदा कुठला?

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981. तो आला तो भांडणातनं आला. सत्तरच्या दशकात ट्रॉलर, म्हणजे मोठं जाळं मागं ओढत नेणाऱ्या यांत्रिकी बोटी, वाढले आणि केरळ, गोव्यापासनं सगळ्या किनाऱ्यावर रापणकर (समुद्रात टाकलेलं जाळं किनाऱ्यावरनं ओढणारे), होडीवाले आणि ट्रॉलरवाले एकमेकांच्या जिवावर उठले, जाळी तोडणं, बोटी जाळणं इथपर्यंत गेलं. मग केंद्रानं एक नमुना कायदा करून राज्यांना पाठवला आणि आपण 1981 ला आपला केला. गाभा साधा आहे, कुणी कुठं, कधी, कुठल्या जाळ्यानं मासे मारायचे ते सरकार ठरवणार, लहान मच्छीमाराच्या पोटावर पाय येऊ नये म्हणून किनाऱ्याजवळच्या ठराविक वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) खोलीपर्यंत ट्रॉलरनं यायचं नाही, आणि परवान्याशिवाय बोट काढायची नाही.

चाळीस वर्षं तोच कायदा तेच दंड. पकडलेल्या माशाच्या किमतीवर दंड, म्हणजे लाखोंचा धंदा करणारा माणूस दंड हा खर्चातच धरून चालायचा. 2021 ला दुरुस्ती झाली तेव्हा कुठं आकडे जरा बोचतील असे झाले.

जून-जुलैला बंदी असते ती का? आणि मग तेव्हा तुम्ही विकता ते मासे कुठनं येतात?

हा प्रश्न तर दरवर्षी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिकी बोटींना बंदी. कारण दोन, एक तर ह्या काळात बऱ्याच माशांचं अंडी घालायचं चालू असतं आणि दुसरं म्हणजे पावसाळ्यातला समुद्र माणसं गिळतो. बिगरयांत्रिकी होडीला, म्हणजे वल्ह्याशिडाच्या, बंदी नाही, पण त्यांचं मिळणार किती.

पूर्व किनाऱ्याची बंदी 15 एप्रिल ते 14 जून असते. म्हणजे आपलं बंद झालं की पंधरा दिवसात तिकडचं उघडतं आणि तिकडनं बर्फातला माल यायला लागतो. बाकी मग आधी साठवलेला फ्रोजन, आंध्रातलं रोहू-कटला, धरणातला मासा, आणि सुकट-बोंबील. कुणी जुलैत "आज सकाळी मालवणातनं आलेली ताजी सुरमई" म्हणून गळ्यात मारत असेल तर त्याला फक्त तारीख विचारा.

आपल्यासाठी ही बंदी नेमकी आखाडात येते हा पण एक योगच म्हणायचा. मटणाच्या दुकानासमोर रांगा आणि आम्ही माशा मारत बसलेलो. बंदी उठते तोवर श्रावण तोंडावर नाहीतर लागलेला, म्हणजे ताजा मासा आला की निम्मं गिऱ्हाईक खात नाही! कोकणात जुनी माणसं नारळी पौर्णिमेला नारळ सोडल्याशिवाय बोट काढत नाहीत, आणि बंदी तिथपर्यंत वाढवा अशी मागणी खुद्द मच्छीमारच करतात, हे इथल्या बऱ्याच जणांना माहिती नसतं.

पर्ससीन पर्ससीन म्हणतात ते काय आणि भांडण कशाचं?

बांगडा, तारली असे मासे थव्यानं फिरतात. पर्ससीनवाला त्या सगळ्या थव्याला गोल जाळं टाकतो आणि खालची दोरी ओढून घेतो, बटव्याची नाडी ओढल्यासारखी, की अख्खा थवा आत. एका फेरीत टनानं मासा. आणि तोच थवा किनाऱ्याला आला असता तर रापणीच्या एका जाळ्यावर गावातली तीस-चाळीस माणसं जगली असती, भांडण एवढंच आहे.

राज्यानं डॉ. सोमवंशी समिती नेमली आणि तिच्या अहवालावरनं फेब्रुवारी 2016 ला आदेश निघाला, पर्ससीनला राज्याच्या हद्दीत फक्त सप्टेंबर ते डिसेंबर परवानगी, ती पण ठराविक भागात, जाळ्याची आस, म्हणजे जाळ्याचं भोक, 25 मिलिमीटरपेक्षा लहान नको, आणि परवाने टप्प्याटप्प्यानं कमी करायचे. पर्ससीनवाले म्हणतात आमच्यावर कर्ज आहे, खलाशांचे पगार आहेत, चार महिन्यांत बोट कशी चालवायची, त्यांचं पण अगदीच खोटं नाही. पण माझं मत विचाराल तर पारंपरिकवाल्यांच्या बाजूनं आहे, कारण कर्ज काढून बोट घेताना नियम माहिती होता, आणि बांगडा संपला तर पर्ससीनवाला दुसरा धंदा बघेल, रापणवाला काय बघणार.

तमिळनाडूत हा विषय सुप्रीम कोर्टात गेला, तिथं जानेवारी 2023 ला अंतरिम आदेशात 12 मैलांच्या बाहेर पर्ससीनला आठवड्यातनं फक्त दोन दिवस, सोमवार आणि गुरुवार, अशी अटींवर परवानगी दिली. तेव्हा भांडण फक्त आपल्याकडं आहे असं समजू नका.

आणि एलईडी मासेमारी?

ती पूर्ण बंद आहे, कुठंच चालत नाही. रात्री जनरेटर लावून पाण्यावर किंवा पाण्यात झगझगीत दिवे सोडायचे, उजेडाला मासा गोळा होतो, पिल्लांसकट, मग जाळं. केंद्रानं नोव्हेंबर 2017 ला आपल्या हद्दीत ही बंद केली, आणि सोबत दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढायची बुल ट्रॉलिंग पण. पण काळोखाच्या रात्री मालवणच्या किनाऱ्यावर उभं राहून समुद्राकडं बघा, लांब उजेडाची रांग दिसली तर ती सगळीच काय मालवाहू जहाजं नसतात.

नियम मोडणारी बोट सापडली तर पुढं काय होतं? नुसता दंड?

हे जरा डिटेलमधी सांगतो, कारण लोकांना वाटतं चिरीमिरी देऊन सुटतात.

गस्तीनौकेवर अधिकारी आणि सुरक्षारक्षक असतात. संशय आला की बोटीला थांबवून आधी नाळीवरचा, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरचा, नंबर बघतात, आपल्या बोटींवर आयएनडी एमएच असा सुरू होणारा नंबर रंगवलेला असतो, मग तांडेलाकडं, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याकडं, कागद मागतात, परवाना, नोंदणी, खलाशांची ओळखपत्रं. ही ओळखपत्रांची कडक तपासणी 26/11 नंतरची, कसाब आणि कंपनी मासेमारी बोटीतनंच आली होती. गडबड दिसली की बोट जवळच्या बंदरात आणतात. पंचनामा होतो. आतल्या मासळीचा तिथंच जेटीवर लिलाव होतो कारण मासा काय केस संपेपर्यंत थांबत नाही, आणि ते पैसे सरकारजमा. एलईडी असेल तर जनरेटर, दिवे जप्त. मग केस सहायक आयुक्तांसमोर. आधी हे काम तहसीलदाराकडं होतं, त्याच्याकडं सातबारा, दुष्काळ, निवडणुका सगळंच, मासळीची केस खाली पडून राहायची, 2021 च्या दुरुस्तीनं ते खात्याकडंच दिलं हे चांगलं झालं.

दंडाचे आकडे: एलईडी आणि बुल ट्रॉलिंगला 5 लाखांपासनं 20 लाखांपर्यंत. पर्ससीनचा नियम मोडला तर पहिल्यांदा 1 लाख, दुसऱ्यांदा 3, त्यापुढं 6 लाख. शिवाय बोट बंदरात अडकून पडते तेवढे दिवस धंदा बंद, आणि मालकाला दंडापेक्षा ते जास्त लागतं.

मग तरी चोरून चालतंच की. गस्त कमी पडते का?

पडते, सरळ सांगायचं तर. जुन्या मोजणीनं 720 किलोमीटरचा किनारा आणि गस्तीच्या बोटी मोजक्या, बऱ्याचदा भाड्यानं घेतलेल्या. आणि समोर कर्नाटकातनं, मलपीकडनं येणारे हायस्पीड ट्रॉलर, त्यांचा वेग असा की गस्तवाला पोचेपर्यंत ते हद्दीपार. सिंधुदुर्गातल्या मच्छीमारांचा ह्यावर राग साहजिक आहे, त्यांची जाळी पण फाडून जातात हे लोक. जानेवारी 2025 पासनं राज्यानं किनाऱ्यावर ड्रोन सुरू केले, उडवून नंबर टिपायचा आणि नंतर कारवाई करायची. कल्पना चांगली आहे. पण रात्री ताडपत्रीनं नंबर झाकलेली बोट ड्रोननं टिपली तरी शेवटी बोटीनं जाऊनच धरायला लागते, तेव्हा माझ्या मते आधी बोटी आणि माणसं वाढवा, मग आकाशाकडं बघू.

कोस्ट गार्ड का धरत नाही, असं पण विचारतात. त्यांचं मेन काम सुरक्षा आणि बचाव. 12 मैलांच्या आत मासेमारीचा कायदा राज्याचा आहे म्हटल्यावर त्यांच्या मागं लागून उपयोग नाही.

12 मैलांच्या बाहेर काय नवीन नियम आलेत म्हणे?

हो, नोव्हेंबर 2025 ला केंद्रानं अनन्य आर्थिक क्षेत्रातल्या मासेमारीचे नियम काढले. यांत्रिकी आणि मोठ्या मोटर बोटींना ॲक्सेस पास लागणार, तो फुकट आहे आणि रिअलक्राफ्ट पोर्टलवर ऑनलाइन काढायचा. लहान पारंपरिक मच्छीमारांना त्यातनं सूट. एलईडी, बुल ट्रॉलिंग इथं पण बंदच. इतकी वर्षं त्या पट्ट्यात आपल्या बोटींसाठी धड नियमच नव्हते, त्यामुळं उशिरा का होईना झालं.

लहान पापलेट विकणं गुन्हा आहे का? तुमच्याकडं पण दिसतात कधी कधी.

बरोबर पकडलं. 2023 ला राज्यानं 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, त्याच्यापेक्षा लहान धरायचा नाही. पापलेट 135 मिलिमीटर, म्हणजे साडेतेरा सेंटिमीटर, शाळेतली सहा इंची पट्टी लावली तर तिच्यापेक्षा थोडं कमी. सुरमई 370 मिलिमीटर. हेतू असा की मासा निदान एकदा तरी अंडी घालू दे आणि मग धरा.

आमच्याकडं क्रेट येतो तेव्हा वर मोठी नग लावलेली असतात आणि खाली बर्फात तळहाताएवढी पिल्लं, हा प्रकार धंद्यात सगळ्यांना माहिती आहे. आम्ही ती परत पाठवतो असं छातीठोकपणे सांगणार नाही, तोवर ती मेलेलीच असतात, पण त्या व्यापाऱ्याकडनं पुढचा माल घेताना भाव पाडून मागतो आणि तो बरोबर समजतो. आणि गिऱ्हाईकानं "वाटा द्या हो छोट्यांचा, स्वस्तात" म्हणायचं बंद केलं तर क्रेटात पिल्लं येणारच नाहीत.

त्याच 2023 साली पापलेटला राज्य मासा जाहीर केलं. पापलेटला काय फरक पडला विचारू नका.

कुठला मासा घेतला तर आपणच अडचणीत येऊ?

वन्यजीव कायदा 1972 मधे पहिल्या परिशिष्टात असलेले. व्हेल शार्क 2001 पासनं, समुद्री कासवं आणि त्यांची अंडी, समुद्रघोडे, समुद्री काकडी, करवतमासा. साधी मुशी आपल्याकडं आवडीनं खातात पण शार्क आणि पाकटांच्या काही जाती पण आता यादीत गेल्यात, तेव्हा ओळखीच्या विक्रेत्याकडनंच घ्या. ह्यात एक चांगली योजना आहे, जाळ्यात असा प्राणी अडकला आणि मच्छीमारानं जाळं कापून सोडून दिला तर राज्य सरकार 25 हजारांपर्यंत भरपाई देतं, व्हिडिओ-फोटो काढायला लागतो. खूप कासवं वाचली ह्यानं.

फॉर्मलिन कोण तपासतं?

फॉर्मलिन म्हणजे मासा ताजा दिसावा म्हणून चोरून लावतात ते केमिकल. ते तपासतं एफडीए, मत्स्यव्यवसाय विभाग नाही. 2018 ला गोव्यात केवढा गोंधळ झाला आठवत असेल, बाहेरच्या माशांच्या गाड्या अडवल्या, त्यात सिंधुदुर्गाच्या पण गाड्या अडकल्या. घरच्या घरी बघायचं तर कल्ले उघडून बघा, लालबुंद आणि ओलसर पाहिजेत, डोळा खोल गेलेला नको, बोटानं दाबलं तर मांस परत वर आलं पाहिजे. आणि एक, माशावर एकही माशी बसत नसेल तर खूश होऊ नका.

सरकार मच्छीमाराला देतं तरी काय?

डिझेलवरच्या व्हॅटचा परतावा, तो संस्थेमार्फत मिळतो आणि कायम थकलेला असतो. किसान क्रेडिट कार्ड. 2020 ला सुरू झालेली मत्स्यसंपदा योजना, 20,050 कोटींची, तिच्यातनं बोटी, शीतगृहं, पिंजऱ्यातली शेती आणि अपघाती मृत्यूला 5 लाखांचा विमा. एप्रिल 2025 ला राज्यानं मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, म्हणजे वीजदर, कर्जाचं व्याज शेतीसारखं. समुद्रवाल्यांना वाटतं हे फक्त त्यांचं, पण शिरोळ-हातकणंगल्यात शेततळ्यात मासे करणाऱ्याला पण हे लागू आहे, त्यानं जरूर चौकशी करावी.

आपल्या जिल्ह्यातल्या नदी-धरणांचं काय? तिथं कुणाचा कंट्रोल?

राधानगरी, काळम्मावाडी, तुळशी ह्या धरणांतली मासेमारी ठेक्यानं मच्छीमार सहकारी संस्थांना दिली जाते, बाहेरच्यानं जाळं टाकायचं नाही. अभयारण्याच्या हद्दीत असेल तर वनखातं पण आलं. पहिल्या पावसात गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडकडं चढणीचे मासे धरतात, ती मजा वेगळीच आहे, पण ते मासे अंडी घालायलाच वर चढत असतात हे पण खरं. जिलेटीन उडवून किंवा ब्लीचिंग पावडर, विष टाकून मासे मारणं हा सरळ सरळ गुन्हा आहे, इंग्रजांच्या 1897 च्या कायद्यापासनं आणि आपल्या 1960 च्या महाराष्ट्र मत्स्यव्यवसाय कायद्यात पण. तरी नदीकाठी स्फोटाचा आवाज येतोच. थाई मांगूर पाळायला आणि विकायला पण बंदी आहे, तो तळ्यातले बाकीचे मासे संपवतो, आणि कमी दरात कुणी "मांगूर" देत असेल तर तो बहुतेक तोच.

आणि पंचगंगा. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्याकडं मेलेल्या माशांचा खच दिसतो, पेपरला फोटो येतो. तिथं मत्स्यव्यवसायवाले काही करू शकत नाहीत, पाणी कुणी घाण केलं ते प्रदूषण नियंत्रण मंडळानं शोधायचं. समुद्रावर बोटीचा नंबर तरी असतो, इथं रात्री नाल्यातनं सोडलेल्या पाण्याला कसला नंबर.

तक्रार करायची तर कुठं?

मासा खराब किंवा केमिकलचा वाटला तर एफडीएच्या जिल्हा ऑफिसला, बिल घेतलेलं असेल तर बरं. धरणात-नदीत बेकायदा मासेमारी दिसली तर कोल्हापूरच्या सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय कार्यालयात, स्फोटकं असतील तर आधी 112. मेलेले मासे दिसले तर प्रदूषण मंडळाला लगेच, त्याच दिवशी, कारण पाण्याचा नमुना दुसऱ्या दिवशी घेतला की त्यात काही सापडत नाही. फोटो काढताना मागं ओळखीची खूण येऊ द्या, बंधारा, पूल, मंदिर काहीतरी, आणि पोचपावती घेतल्याशिवाय ऑफिसातनं उठू नका.